चाळीस पावले

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मुलींमध्ये पहिली असे नव्हे. मुलगे-मुली सगळे धरून पहिली. त्यामुळे घरात कसलाही कागद आला, की तो माझ्यापुढे येतो. सोसायटीची नोटीस, विजेचे बिल, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरे. "कालिजात जातीस न्हवं? वाच की मग!" असे म्हणून आप्पा बाजूला होतात. परंतु गेल्या भाद्रपदात आमच्या दारात जी अडचण येऊन उभी राहिली, तिच्यावर वाचण्यासारखे काहीच लिहिलेले नव्हते. ती टेंपोतून आली. तिला चार पाय होते, आणि खाली उडी मारल्याबरोबर तिने पहिले काम काय केले असेल, तर आमच्या तुळशीच्या कट्ट्यापाशी पाय वर केला!

आमची वस्ती सांगोला तालुक्यात, माण नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. ओढा म्हणायचा तो पावसाळ्यापुरता. एरवी नुसती वाळू आणि दगडगोटे. दोन एकर डाळिंब, थोडी ज्वारी, चार शेळ्या, दहाबारा कोंबड्या. घरात आजी, आप्पा, आई, मी आणि नववीत शिकणारा धाकटा भाऊ. आणि मोत्या.

मोत्याविषयी आधी सांगितले पाहिजे. आप्पा पूर्वी विहिरींच्या यारीवर कामाला जात. एकदा सुरुंग उडाले तेव्हा त्या आवाजाने तिथली व्यालेली कुत्री जी पळाली, ती परत आलीच नाही. तिच्या पिलांपैकी एक आप्पांनी सदऱ्यात घालून घरी आणले. तोच हा मोत्या. डोळे नुकते उघडलेले असताना त्याने जगाचा पहिला आवाज ऐकला तो सुरुंगाचा. त्यातून तो अजून बाहेर आलेला नाही. ढग गडगडले की तो बाजेखाली. कुणी शेळीला हाकायला काठी उचलली, की हा दहा हातांवर असला तरी जागच्या जागी मुततो. कडब्याची पेंढी धपकन टाकली तरी याचे शेपूट पोटाशी जाते. गावातली माणसे हसतात. "राखणीला कुत्रं पाळलंय का कुत्र्याला राखण ठेवलीय?" असे आमच्या शेजारचे आबा आप्पांना नेहमी विचारतात.

मोत्याचा सगळा जीव माझ्यावर. मी सकाळी सातच्या एसटीला निघाले की तो फाट्यापर्यंत येतो आणि गाडी दिसेनाशी झाली की परततो. शाळा गावातच होती, तोवर ठीक चालले होते. मी कॉलेजात जाऊ लागले आणि दिवस लांबला. तेव्हापासून मोत्याला पुढचा डावा पाय चाटायचा नाद लागला. चाटून चाटून तिथले केस गेले, कातडी लाल झाली. आजी हळद लावी; तो हळदही चाटून टाकी. म्हणजे मोत्याच्या पायावरची जखम आणि माझे कॉलेज ही एकाच वयाची. हे मला कळत होते, पण त्यावर करायचे काय ते कळत नव्हते.

तर असा हा मोत्या, आणि त्याच्या पुढ्यात टेंपोतून उतरला वाघ्या.

वाघ्या माझ्या आत्याचा. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तिचे यजमान दोन वर्षांमागे गेले. त्यानंतर तिकडे काय काय झाले ते इथे लिहिणे बरोबर नाही. एवढेच सांगते, की ती माहेरी कायमची राहायला आली. २०२३ सालापासून बायकांना एसटीत निम्मे तिकीट झाले, तेव्हापासून ती महिन्याकाठी एकदा यायचीच. दोन दिवस राहून, आईच्या हातचे पिठले वाखाणून परत जायची. पण चार दिवसांची नणंद वेगळी आणि कायमची वेगळी. टेंपोतून एक ट्रंक उतरली, शिवणयंत्र उतरले, पितळी हंडा, दोन शेळ्या, आणि शेवटी साखळीला हिसडे देणारा हा काळाभोर धनगरी कुत्रा. तीन वर्षांचा, मान म्हणजे नुसता खांब, आणि भुंकला की कोंबड्या खुराड्यावर चढतील असा आवाज. आई पडवीत उभी होती. तिने हंड्याकडे पाहिले, शिवणयंत्राकडे पाहिले, वाघ्याकडे पाहिले आणि "या वन्सं," म्हणून आत गेली. चहा तिने केला. पण आत्याच्या चहात साखर कमी होती. विसरली असेल असे आम्ही समजलो.

आम्ही जे जे करू नये ते सगळे केले, हे आता कळते. पहिली गोष्ट, वाघ्याला बांधले ते पडवीच्या खांबाला, म्हणजे मोत्याच्या रोजच्या जागी. दुसरी, "ओळख करून देऊ" म्हणून आप्पांनी मोत्याला मानगुटीला धरून वाघ्याच्या तोंडापुढे नेला. मोत्याने तोंड एका बाजूला वळवले, ओठ चाटले, मोठी जांभई दिली. भाऊ म्हणाला, "बघा, त्येला झोप आली!" आम्ही सगळे हसलो. ती जांभई झोपेची नव्हती. भ्यालेले कुत्रे जांभई देते, ओठ चाटते, नजर चुकवते. 'मला तुझ्याशी भांडायचे नाही' असे ते आपल्या परीने सांगत असते. हे मला पुढे समजले. वाघ्याने एकदाच गुरगुरून अंग फुगवले आणि मोत्या आप्पांच्या हातून निसटून गोठ्यात गेला तो दोन दिवस बाहेर आला नाही.

तिसरी चूक भाकरीची. दोघांना एकाच वेळी, एकाच अंगणात, चार हातांवर. वाघ्या आपली भाकरी दोन घासांत संपवून मोत्याच्या पाटीकडे बघे. मोत्या हळूहळू जेवेनासा झाला. पायाची जखम चवलीएवढी होती ती रुपयाएवढी झाली. मी रात्री त्याच्याजवळ बसून हाताने भरवी. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातच्या गाडीने निघून जाई.

घरातही तेच चालले होते, असे म्हटले तर आई रागावेल. पण चूल एक आणि करणाऱ्या दोघी. आत्या कालवणात तिखट जास्त घाले, आई न बोलता पाणी ओते. आजी मधे बसून दोघींकडे पाहात राही. एक तिची लेक, एक सून. आत्या जेवायला बसताना रोज भिंतीकडे पाहून जागा शोधायची. आमच्या घरात प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली आहे, हे मला तोवर कधी जाणवलेच नव्हते.

नवरात्रातल्या चौथ्या माळेला तो प्रकार घडला. वाघ्याची साखळी सुटली. तो सरळ मोत्याच्या पाटीकडे गेला, आणि मोत्या पळाला नाही! गोठ्याच्या कोपऱ्यात अडकला होता, पळायला जागाच नव्हती. एवढा भित्रा कुत्रा, पण त्या क्षणी त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले. आई धावली आणि मधे हात घातला. हात मोत्याने फोडला; वाघ्याने नव्हे, आमच्या मोत्याने. सहा वर्षे जिच्या हातची भाकरी खाल्ली तिचाच हात.

आप्पा काठी शोधू लागले, भाऊ ओरडू लागला, मी जागच्या जागी थिजले. आत्या मात्र काही न बोलता आईचा हात धरून नळाकडे घेऊन गेली. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायचे असते, एवढे मला शाळेतल्या एका भिंतीवरच्या फलकावरून आठवत होते. तेवढे मी ओरडून सांगितले. "तू घड्याळ बघ," आत्या म्हणाली. मी मोबाइलवर वेळ लावली. पंधरा मिनिटे हा किती मोठा काळ असतो! आत्या साबण लावत होती, चोळत होती, पाणी सोडत होती. आईला कळा येत होत्या. आठव्या मिनिटाला आई म्हणाली, "बास की वन्सं, हात गारठला." आत्या म्हणाली, "गप उभी ऱ्हा. पोरगीनं सांगितलंय पंधरा." महिनाभरात त्या दोघी एवढा वेळ एकमेकींजवळ उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

आरोग्य केंद्रात सुई दिली, पुढच्या तारखा लिहून दिल्या. आजीला वाटत होते की आता पोटात चौदा सुया. ती जुनी लस आपल्या देशात २००५ सालापासूनच बंद आहे, आता दंडात मोजक्याच सुया असतात, हे तिला तीन वेळा सांगावे लागले. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वेगळेच विचारले, "कुत्र्याला रेबीजची लस दिली होती का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. सहा वर्षांत कुणाच्या डोक्यातही आले नव्हते! डॉक्टर म्हणाले, मोत्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्यात तो रोग नव्हता असे समजायचे. आईच्या सुया मात्र चुकवायच्या नाहीत. पायाला त्यांनी मलम दिले.

त्या रात्री आप्पा म्हणाले, "धा दिस डॉक्टरनं सांगितल्यात. तवर दोन्ही ऱ्हातील. मग एक जाणार. कुठलं ते बघू."

"माझंच न्या," आत्या म्हणाली. "ते तरी परकंच हाय."

कुणीच काही बोलले नाही. आत्या कुत्र्याबद्दलच बोलत होती ना, हे तिला विचारायचे धैर्य आमच्यापैकी कुणालाही झाले नाही. सकाळी मी अंथरुणातून उठले तर तिची दोन लुगडी ट्रंकेतून निघून एका गाठोड्यात गेलेली दिसली.

मी रात्री वही काढली होती. आम्हांला या वर्षी मानसशास्त्र आहे, आणि ऑगस्टमध्ये मॅडमनी पीटरची गोष्ट सांगितली होती. तेव्हा ती मी परीक्षेपुरती उतरवून घेतली होती. पीटर हा अमेरिकेतला दोन वर्षे दहा महिन्यांचा मुलगा. तो पांढऱ्या उंदराला भिई, सशाला भिई, केसाळ कोटाला आणि कापसालासुद्धा भिई. मेरी कव्हर जोन्स या बाईंनी त्याची भीती घालवली आणि १९२४ साली त्यावर लेख लिहिला. त्याच्या चार वर्षे आधी वॉटसन यांनी एका तान्ह्या मुलाला मुद्दाम भीती शिकवली होती. या बाईंनी उलटे केले. पीटरला उंच खुर्चीत बसवायचे, आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबवर आणून ठेवायचा. इतक्या लांब, की त्याचे खाणे थांबू नये. मग दुसऱ्या दिवशी थोडा जवळ. असे करत शेवटी ससा पीटरची बोटे कुरतडू लागला तरी तो भिईना.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी उभी राहिले आणि विचारले, "मॅडम, पीटरचे कुत्र्यावर चालेल का?" वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाव्हलॉव्हनी प्रयोग कुणावर केले होते?" वर्ग गप्प झाला. (पाव्हलॉव्हना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, घंटेसाठी नव्हे, हेही मॅडमनी ओघात सांगितले, दोन मार्कांचा प्रश्न येऊ शकतो!) मग शिक्षकांच्या खोलीत बसवून त्यांनी मला सगळे विचारले. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या. एक, आधी वाघ्या दिसला पाहिजे आणि मग खाऊ; उलटे केले तर खाऊ दिसला की मोत्याला वाटेल, आता संकट येणार. दुसरी, तो गुरगुरला तर रागवायचे नाही. गुरगुरणे हे त्याचे सांगणे आहे. ते बंद पाडले, तर तो न सांगता चावेल.

आता दोन कुत्री, म्हणजे दोन माणसे हवीत. आप्पा पहाटे डाळिंबाला पाणी धरायला जात, भाऊ उठत नसे, आईचा हात बांधलेला. राहिली आत्या. मी तिला म्हटले, "आत्या, धा दिस जाऊ नगंस. मला माणूस पायजे." ती गाठोड्याकडे पाहात म्हणाली, "माझं काय काम?" मी पीटरची गोष्ट सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "त्या पोराची आई कुठं हुती गं तवा?" मी वही चाळली. तेवढे मी उतरवून घेतले नव्हते.

पहाटे साडेपाचला आम्ही सुरू केले. मोत्या बाभळीखाली लांब दाव्याला. आत्या वाघ्याला साखळीला धरून गोठ्याच्या कुडाआड. कुडापासून बाभळीपर्यंत मी पावले मोजली: चाळीस. आत्याने कुडाबाहेर यायचे, उभे राहायचे, परत आड जायचे. किती वेळ उभे राहायचे? तिच्याकडे घड्याळ नव्हते. ती म्हणाली, "मनात एक ओवी म्हणती आन् माघारी फिरती." तेच माप ठरले. वाघ्या दिसला, की मी मोत्याला उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा देई. वाघ्या आड गेला, की अंडे बंद.

चाळीस पावलांवर मोत्याने अंडे खाल्ले. पस्तीसवर ओठ चाटले, पण खाल्ले. तिसवर त्याने अंड्याकडे पाहिलेही नाही. तिथे मला समजले की आमच्या अंगणात चार हातांवर ठेवलेल्या पाटीत त्याने महिनाभर काय खाल्ले असेल.

अंड्यावरून आईशी वाजले. अंडी बाजारात जातात. त्यांवर भावाच्या वह्या येतात. "ज्यानं माझा हात फोडला त्येलाच अंडं?" आई म्हणाली. तिचेही बरोबर होते. पहिले तीन दिवस मी माझ्या वाटच्या दुधावर पाणी सोडून हिशेब जुळवला. चौथ्या दिवशी पहाटे पाहिले, तर फळीवर वाटीत एक उकडलेले अंडे, सोलून, वर ताटली झाकून. मी काही विचारले नाही, आईने काही सांगितले नाही.

या उद्योगाला गोणपाटांची भर आजीने घातली. ती बाजेवर बसून रोज आमचा खेळ पाहात होती. म्हणाली, "पोरी, शेळी दुसऱ्याचं करडू पाजत न्हाई, तवा आमी काय करतो? तिच्याच दुधानं करडाचं अंग पुसतो. वास आपला झाला की मग ती पाजती. तुमी नुसतं डोळ्याला दाखवताय. कुत्र्याला डोळं कुठं हाय, त्येला नाक हाय!" माझ्या वहीत १९२४ साल होते; आजीच्या या विद्येला साल नाही. त्या दिवसापासून वाघ्याचे गोणपाट मोत्याच्या बाभळीपासून लांब टाकायचे, आणि मोत्याचे वाघ्याच्या खांबापाशी. मोत्या पहिल्या दिवशी त्या गोणपाटाला मोठा वळसा घालून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने लांबून मान ताणून हुंगले. पाचव्या दिवशी त्यावर शेळी बसली, तेव्हा ते निकालात निघाले.

सहाव्या रात्री परतीच्या पावसाने गाठले. ढग असे फुटत होते, की पत्रे थरथरत होते. मोत्याने दावे तोडले आणि तो धान्याच्या कणगीमागे जाऊन अडकला. पहाटे त्याला ओढून काढावे लागले. त्या सकाळी चाळीस पावलांवर त्याने अंडे तोंडात घेतले आणि टाकून दिले. मी बाभळीखाली बसून रडले. सहा दिवस, सहा अंडी, आणि पुन्हा शून्य! सातची गाडी चुकली. आत्या वाघ्याला बांधून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "त्या पीटरचं एकदम झालं हुतं का?"

नव्हते झाले. हे मात्र वहीत होते. मधेच पीटर आजारी पडला, दोन महिने दवाखान्यात होता. तो बरा होऊन दाईबरोबर मोटारीत बसत असताना एक मोठा कुत्रा त्यांच्या अंगावर झेपावला. दोघेही घाबरले. बाईंकडे परत आला तो सगळी भीती नव्याने घेऊन. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे मी आत्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग रडतीस कशाला? ऊठ. कुडापाठीमागं अजून जागा हाय." आम्ही पन्नास पावलांवरून सुरू केले.

त्यानंतरचे दिवस आम्ही ओढ्यात गेलो. हे आत्याचे डोके. वाघ्या एका काठाने, मोत्या दुसऱ्या काठाने, मधे वाळू. दोघांनी एकमेकांकडे न पाहता एकाच दिशेने चालायचे. उभे राहून एकमेकांकडे टक लावण्यापेक्षा चालणे मोत्याला सोपे जात होते. नाक खाली, आपले हुंगणे आपण. चालता चालता आत्या बोलू लागे. काठ लांब, म्हणून आवाज मोठा. पहाटेच्या वेळी ओढ्यातून तो स्पष्ट ऐकू येई. ती चौथी शिकली हे मला त्या ओढ्यात कळले. लग्न होऊन गेली तेव्हा वर्षभर तिला त्या घरात बसायला कुठे ते कुणी सांगितले नव्हते. "समद्यांच्या जागा ठरल्याली. मी आपली उंबऱ्यापाशी. मग तीच माझी जागा झाली. वीस वरीस." थोडे पुढे गेल्यावर तिने पलीकडून विचारले, "तुझं मोत्या कुठं झोपतं गं पयल्यापासनं?" मी म्हटले, "पडवीत, खांबापाशी." त्या दिवशी घरी आल्याबरोबर तिने वाघ्याची साखळी खांबावरून सोडली आणि शेळ्यांच्या बाजूला नेऊन बांधली. आम्हां कुणाला हे महिनाभर सुचले नव्हते.

दहावा दिवस उजाडला. मोत्या धडधाकट होता. डॉक्टरांनी दोघांनाही लस टोचली. वाघ्या, एवढा वाघ, सुई पाहून आत्याच्या पदराआड शिरला, आणि मोत्या मुकाट्याने उभा राहिला. पण अंतर अजून पंधरा पावलांचे होते. त्याच्या आत वाघ्या आला की मोत्याची पाठ ताठ होई. मुदत संपली होती आणि काम झाले नव्हते. रात्री जेवताना मी आप्पांपुढे वही घेऊन बसले; चाळीस, पस्तीस, पन्नास, तीस, पंधरा, असे सगळे आकडे तारखांसह. आप्पांना सातवीपर्यंतचे अक्षर येते. त्यांनी बोट ठेवून आकडे वाचले. बराच वेळ वाचले. मग म्हणाले, "नवा खोंड जुन्याबरुबर जुवाला लावायचा म्हनलं तरी महिना जातो. दिवाळीपतुर बघू." आणि वही बंद करून माझ्या हातात देताना म्हणाले, "तारखा बराबर लिवल्यात."

आई म्हणाली, "वन्सं, त्या गाठोड्यातली लुगडी ट्रंकंत घाला. उंदरं लागतील." आणि पाटावरची आपली भाजीची टोपली उचलून पलीकडे सरकवली.

दिवाळीत फटाके वाजले, तेव्हा आम्ही आधीच तयारीत होतो. मोत्याची बाज आतल्या खोलीत, खिडकीला गोधडी. वाघ्या फटाक्यांना भीत नाही. तो आत येऊन उंबऱ्यात आडवा पडला आणि घोरू लागला. मोत्या बाजेखाली थरथरत होता. रात्री उशिरा मी दिवा घेऊन पाहिले, तर तो बाजेखालून बाहेर येऊन वाघ्यापासून साधारण दोन हातांवर बसला होता. बिलगून नाही, तोंड दुसरीकडे. थरथर चालूच होती. पण तिथे बसला होता. आप्पांनी दिवाळीनंतर कुत्र्यांचा विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही.

सगळे सुरळीत झाले असे कुणी समजू नये. दोघांच्या पाट्या अजून अंगणाच्या दोन टोकांना असतात, आणि तशाच राहतील. ढग गडगडले की मोत्या बाजेखालीच. पायाच्या जखमेवर केस आले आहेत, ते पांढरे आले. परीक्षेच्या दिवसांत मला उशीर झाला, तर तो अजूनही चाटतो. आई आणि आत्या यांचे कालवणातल्या तिखटावरून रोज होते, पण आता ते मोठ्याने होते. आत्या चुलीच्या उजव्या बाजूला भिंतीला टेकून बसते. परवा भाऊ चुकून तिथे बसला, तर आईच म्हणाली, "ऊठ तिथनं, ती वन्संची जागा हाय."

सकाळी मी निघाले की मोत्या पूर्वीसारखाच फाट्यापर्यंत येतो. अलीकडे वाघ्याही मागून येऊ लागला आहे. फाट्यावर उभे राहून मी रोज त्या दोघांतली पावले मोजते. आता ती सवयच लागली आहे. पौषात पंचवीस होती. काल गाडीच्या मागच्या काचेतून पाहिले, तर अकरा भरली. मग मोत्याने मागे वळून पाहिले, आणि गाडी वळणावर गेली.